बी.कॉम. होऊन पुन्हा कम्युनिटी कॉलेजात: स्कॉलरशिप मागायची कुणाकडे?

ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. ताई साताऱ्याच्या, शिवाजी विद्यापीठाच्या बी.कॉम. २०१२ साली लग्न होऊन कॅलिफोर्नियात आल्या, बरीच वर्षं एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याच्या आधारानं मिळणाऱ्या व्हिसावर, काढली. मुलगी सात वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी एकदाचं ग्रीन कार्ड हातात पडलं आणि त्यांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) नर्सिंगच्या आधी लागणारे विषय घ्यायला सुरुवात केली: ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी. दोन सेमिस्टर झाली, जीपीए (सरासरी गुण) ४ पैकी ३.८. मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. तेव्हापासून त्यांनी नेटवर शोधून चाळीसेक स्कॉलरशिपना अर्ज केले आणि एकीकडूनही उत्तर आलं नाही. "नेमकं शोधायचं कुठे? माझ्यासारखीला कुणी देतं तरी का? आणि इंग्रजी निबंध माझ्याच्यानं होत नाही," असं त्या म्हणतात.

मी नाशिकची. गेली तेरा वर्षं कॅलिफोर्नियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीच्या, ऑफिसात आहे आणि त्यातली नऊ वर्षं स्कॉलरशिपचे अर्ज वाचणाऱ्या कमिटीवरही बसते. त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्या आहेत. खालचं बरंचसं कॅलिफोर्नियाला धरून आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये असाल तर राज्याचे नियम वेगळे, पण कुठून सुरुवात करायची तो क्रम बहुतेक सगळीकडे तोच.

ताई, चाळीस अर्ज करून झालेत, म्हणजे शोधण्यात तुम्ही कमी पडलेल्या नाही. तुम्ही सगळ्यात लांबच्या दारापासून सुरुवात केलीत, एवढंच. ज्या दारावर देशभरातले विद्यार्थी रांगेत आहेत तिथे तुमचा अर्ज कुणी उघडून पाहिला का, हेही कळत नाही. आणि तुमच्याच कॉलेजात, तुम्ही जिथून रोज पार्किंगकडे जाता त्या इमारतीत, कदाचित तुमच्यासारखीच्याच नावानं पैसे ठेवलेले असतील. तिथवर येतेच, पण आधी तुमच्या बी.कॉम.बद्दल बोलायला हवं. ते बाजूला ठेवलं तर पुढचं सगळं चुकेल.

केंद्र सरकारची सगळ्यात मोठी मदत म्हणजे पेल ग्रँट. परत न करायचे पैसे, २०२५-२६ साठी वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. पण ती पहिली पदवी घेणाऱ्यांसाठीच आहे. ज्याच्याकडे बॅचलर्स पदवी आहे त्याला ती मिळत नाही, आणि पदवी भारतातली असली म्हणून सूट नाही. राज्याच्या कॅल ग्रँट ए आणि बी यांचंही तेच. फॅफ्सा नावाचा केंद्राचा मोफत अर्ज असतो, त्यात पदवीबद्दल सरळ प्रश्न विचारलेला असतो. आपल्या बायका तिथे अडखळतात. "भारतातली पदवी इथे कुठे धरतात, नाही असंच लिहू" हा सल्ला मी किटी पार्टीपासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळीकडे ऐकलाय. माझ्यासमोर बसून एक मुलगी रडली आहे, कारण दोन सेमिस्टरची ग्रँट तिला परत करावी लागली. नर्सिंगला अर्ज करताना तिनं पुण्याची मार्कलिस्ट जोडली आणि दोन्ही कागद एकाच कॉलेजच्या कॉम्प्युटरवर समोरासमोर आले.

मात्र इथे एक बारकावा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. आपली बी.कॉम. तीन वर्षांची. परदेशी पदवी अमेरिकेच्या बॅचलर्सच्या तोडीची आहे की नाही, हे ठरवायचं काम कॉलेजचं असतं. ती तोडीची नाही असं लेखी मूल्यांकन विद्यार्थ्यानं दिलं, तर कॉलेज त्याला पदवी नाही असं धरू शकतं. धरेलच असं नाही. मूल्यांकन करणाऱ्या संस्थांमध्येही एकमत नाही. काही संस्था भारताच्या तीन वर्षांच्या पदवीला पूर्ण बॅचलर्स म्हणतात, काही म्हणतात की हे तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण. म्हणून रस्ता असा: लपवायचं काही नाही. मार्कलिस्ट घेऊन फायनान्शियल एड ऑफिसात जायचं, ते कोणत्या संस्थेचं मूल्यांकन मानतात हे विचारायचं, ते करून घ्यायचं आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

त्याआधी घरी बसून एक विचार मात्र करा. नर्सिंगमध्ये काही अभ्यासक्रम असे आहेत की ते दुसऱ्या विषयात बॅचलर्स झालेल्यांनाच घेतात आणि कमी वेळात थेट पुढची पदवी देतात. उद्या तिकडे जावंसं वाटलं तर तीच बी.कॉम. तुम्हाला बॅचलर्स म्हणून दाखवावी लागेल. एकाला सांगायचं पदवी नाही आणि दुसऱ्याला सांगायचं आहे, अशा दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्यांना लवकर नोकरीला लागायचंय आणि घरात चणचण आहे त्यांनी मूल्यांकन करून बघावं. ज्यांना तीन-चार वर्षं थांबता येईल त्यांनी पदवी पदवीच राहू द्यावी.

आता नवऱ्याच्या नोकरीचं. तुम्ही फॅफ्सा भरलेलाच नाही असं प्रश्नावरून वाटतं. "पेल मिळणारच नाही तर कशाला?" असं वाटलं असेल. पण पदवी असली तरी त्याच अर्जावरून तीन गोष्टी मिळू शकतात: फी माफी, कॅम्पसवरचं वर्क-स्टडीचं काम, आणि अगदीच वेळ आली तर केंद्राचं कर्ज. शिवाय अनेक स्कॉलरशिप कमिट्या "गरज" मोजायला फॅफ्सातून निघालेला आकडाच बघतात. अर्ज भरला नसेल तर गरजेच्या रकान्यात तुम्ही शून्य.

फी माफीला इथे कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट म्हणतात. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (विषयाचं वजन मोजायच्या मापाला) ४६ डॉलर आहे, म्हणजे बारा युनिटच्या सेमिस्टरला ५५२. ही ग्रँट मिळाली की ती माफ होते. हेल्थ फी, पार्किंग वगैरे किरकोळ राहतं. आधीची पदवी असली तरी ही ग्रँट बंद होत नाही, हे मुद्दाम सांगते. ती मिळण्याच्या वाटा दोन-तीन आहेत. एकीत घरातली माणसं आणि उत्पन्न बघतात, दुसरीत फॅफ्सावरून किमान १,१०४ डॉलरची गरज निघावी लागते.

पण फॅफ्सा मागचं उत्पन्न बघतो. २०२६-२७ च्या अर्जात २०२४ च्या टॅक्स रिटर्नचे आकडे येतात, आणि तेव्हा नवऱ्याचा पगार चालू होता. कागदावर तुम्ही सुखवस्तू. इथे बहुतेक लोक हात टेकतात. टेकू नका. अर्ज आहे तसा, खऱ्या आकड्यांनी भरा, आणि मग ऑफिसात जाऊन प्रोफेशनल जजमेंटची विनंती करा. नोकरी गेली, दवाखान्याचा मोठा खर्च आला, घटस्फोट झाला, अशा वेळी कॉलेजला ते आकडे बदलायचा अधिकार असतो. नोकरीवरून काढल्याचं पत्र, शेवटची पे-स्लिप, बेकारी भत्त्याचे कागद आणि आजच्या परिस्थितीबद्दल अर्ध्या पानाचं साधं पत्र द्या. हा अधिकार कॉलेजचाच आहे, त्यांच्या निर्णयावर वर अपील नाही, म्हणून पहिल्याच खेपेला कागद पूर्ण न्या. आपल्याकडच्या लोकांना नवऱ्याची नोकरी गेली हे ऑफिसात सांगायची लाज वाटते. मी तेरा वर्षांत हजारो पत्रं वाचलीत ताई, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्यात नवल काहीच वाटत नाही.

तुमचं लग्न झालेलं आहे, त्यामुळे तुम्ही स्वतंत्र विद्यार्थी ठरता. साताऱ्याच्या आईवडिलांचं उत्पन्न कुणी विचारणार नाही. हा प्रश्नही मला दरवर्षी येतो.

इथपर्यंतचं एका दमात: बी.कॉम. लपवू नका, फॅफ्सा भरा, नोकरी गेल्याचे कागद ऑफिसात द्या. यातली एकही गोष्ट "स्कॉलरशिप" नाही, पण स्कॉलरशिपचा पाया हाच.

आता ते जवळचं दार. जवळजवळ प्रत्येक कम्युनिटी कॉलेजचं एक फाउंडेशन असतं. निवृत्त प्राध्यापक, जुने विद्यार्थी, गावातले डॉक्टर, कुणाची तरी मुलं आईच्या स्मरणार्थ, असे लोक तिथे पैसे ठेवतात, आणि प्रत्येकानं आपापली अट घातलेली असते. आमच्याकडच्या यादीत मुलं वाढवून पुन्हा शिकायला आलेल्यांसाठी निधी आहेत, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी आहेत, आरोग्यसेवेत जाणाऱ्यांसाठी तर डझनभर. रकमा ५०० डॉलरपासून दोन-तीन हजारांपर्यंत. मोठ्या वाटत नाहीत, पण बाहेरच्या दहा हजारांच्या स्कॉलरशिपला तुमच्यासमोर देश उभा असतो आणि इथे पंधरा-वीस जण. कधी तर चार. आमच्याकडे दर वर्षी एखादा निधी तसाच पडून राहतो, कारण अट बसणाऱ्या कुणी अर्जच केलेला नसतो. कमिटीला फार वाईट वाटतं त्याचं.

बहुतेक ठिकाणी यासाठी एकच अर्ज असतो. तो एकदा भरला की तुमची माहिती कोणकोणत्या निधीला जुळते ते कॉम्प्युटर शोधतो. म्हणून त्या अर्जातला कुठलाही रकाना रिकामा सोडू नका. आई आहात का, घरी कोणती भाषा बोलता, कोणत्या शाखेत जाणार, कुठे स्वयंसेवा केली, या प्रत्येक उत्तरावर एकेक दार उघडतं. मातृभाषेपुढे मराठी लिहायचा कंटाळा केला तर मातृभाषेवरचे निधी तुम्हाला दिसणारच नाहीत. ऑशर फाउंडेशननं २००८ साली राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी मोठी देणगी जाहीर केली होती, ती शिष्यवृत्तीही कॉलेजमार्फतच मिळते, आणि फी माफी मिळणाऱ्यांनाच. पुन्हा तीच गंमत, आधी फी माफी.

अर्जाची खिडकी प्रत्येक कॉलेजात वेगळ्या महिन्यात उघडते. बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात, पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी. तारीख मला विचारू नका, फाउंडेशनच्या ऑफिसात जाऊन विचारा, आणि जाताना नर्सिंग विभागातही डोकवा. विभागाचे स्वतःचे निधी असतात, ते वेबसाइटवर कधी असतात कधी नसतात. कागदावर टाइप करून दारावर चिकटवलेली नोटीस मी स्वतः पाहिली आहे.

फाउंडेशनच्या पुढचं वर्तुळ गावातलं. रोटरी आणि किवानिससारखे सेवा क्लब, अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेनची स्थानिक शाखा, आणि तुमच्यासाठी खास म्हणजे हॉस्पिटलचं ऑक्झिलरी मंडळ. हॉस्पिटलात गिफ्ट शॉप चालवणाऱ्या, रुग्णांना व्हीलचेअरवरून नेणाऱ्या स्वयंसेवकांची ही मंडळं. त्यातली बरीच मंडळं जमलेल्या पैशातून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देतात. तिथे आठवड्याला चार तास स्वयंसेवा केलीत तर निबंधात लिहायला काही मिळेल, शिफारस करणारं माणूस मिळेल आणि हॉस्पिटल आतून कसं चालतं तेही कळेल. आपल्या महाराष्ट्र मंडळातही विचारून ठेवा, तिथे निदान कुणीतरी नर्स असतेच.

देशपातळीवरच्या ज्या थोड्या मी तुम्हाला सुचवीन त्या बायकांसाठीच्या. जेनेट रँकिन यांच्या नावाची, पस्तिशीपुढच्या कमी उत्पन्नाच्या स्त्रियांसाठी. रँकिन १९१६ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री. दुसरी पॅट्सी मिंक फाउंडेशनची, कमी उत्पन्नाच्या शिकणाऱ्या आयांसाठी. तिसरी सोरॉप्टिमिस्ट या स्त्रियांच्या संस्थेची लिव्ह युवर ड्रीम, घराचा मुख्य आधार असलेल्या बाईसाठी. घर सध्या तुमच्या कमाईवर चालत असेल तरच तिच्या वाटेला जा. तिन्हींच्या अटी दर वर्षी नीट वाचाव्या लागतात, आणि पहिल्या दोघींना उत्पन्नाची मर्यादा आहे. नवऱ्याला महिन्याभरात नोकरी लागली तर त्या गेल्या, आणि तसं झालं तर छानच.

नर्सिंगला प्रवेश मिळाल्यावर मात्र एक मोठं दार आहे: केंद्र सरकारचा नर्स कोअर स्कॉलरशिप कार्यक्रम. नागरिकांबरोबर ग्रीन कार्डवाल्यांनाही चालतो, आणि कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवीही चालते. फी, पुस्तकं आणि दरमहा खर्चाला पैसे देतात. बदल्यात नर्सची टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं काम करायचं. हा करार आहे, बक्षीस नाही. मधेच सोडलं तर पैसे व्याजासकट अंगावर येतात. नवऱ्याची नोकरी कुठल्या गावात लागेल ठाऊक नसताना सही करायच्या आधी दोघांनी बसून बोला. आज तुम्ही आधीचे विषय करताय, म्हणून आज अर्ज करता येणार नाही, पण नाव लक्षात असू द्या.

ज्या वाचणाऱ्यांचे मुलगे-मुली बारावीनंतर थेट कम्युनिटी कॉलेजात गेलेत आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणार आहेत, त्यांचं गणित वेगळं. त्यांच्याकडे पदवी नाही, त्यामुळे पेलपासून सगळं खुलं आहे. जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्सफर स्कॉलरशिप वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत जाते, पण ती मोजक्यांना मिळते. त्याहून आवाक्यातली वाट म्हणजे फाय थीटा कापा या, चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानसंस्थेचं सदस्यत्व. ही १९१८ पासूनची, दोन वर्षांच्या कॉलेजांसाठीची. अनेक विद्यापीठं तिच्या सदस्यांसाठी ट्रान्सफर स्कॉलरशिप राखून ठेवतात. सदस्यत्वाला फी आहे, तरी हा सापळा नव्हे.

एच-४ वर असलेल्या मैत्रिणींनाही दोन ओळी. फॅफ्सा तुम्हाला भरता येत नाही. पण एच-४ वर राहून कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरता येतं, राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहणं आणि इथेच राहायचा इरादा दाखवणं या अटीवर. त्यानं फी कित्येक पटींनी उतरते. आणि कॉलेज फाउंडेशनचे बरेच निधी खासगी असल्यामुळे तिथे नागरिकत्वाची अट नसते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना फी परदेशी विद्यार्थ्याची, पण फाउंडेशनचं दार त्यांनाही ठोठावता येतं. महाराष्ट्रातून अजून निघालेही नाहीत असे कुणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीबद्दल विचारतात. ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, कम्युनिटी कॉलेजसाठी नाही.

आता निबंध. माझा सगळ्यात आवडता विषय, म्हणून जरा पाल्हाळ होईल.

कमिटीवर मला एका शनिवारी पन्नास-साठ अर्ज वाचायचे असतात. एकाला सात-आठ मिनिटं. त्यातले निम्मे असे सुरू होतात: "लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची आवड आहे." दुपारी दोनपर्यंत ही आवड असलेली एकोणीस माणसं वाचून झालेली असतात. विसावीला मी काय वेगळे गुण देणार? आपल्या मराठी मुलींच्या निबंधात दोन आजार नेहमी दिसतात, आणि ते एकमेकांच्या उलटे आहेत. पहिला, घरचं बाहेर सांगायचं नाही. मग निबंधात नवऱ्याची नोकरी नाही, बारा वर्षांचा खंड नाही, काहीच नाही, फक्त गुणपत्रिका. दुसरा, एकदा सांगायला लागलं की डोळ्यांत पाणी येईपर्यंत सांगायचं. कमिटीला दया दाखवायची नसते. तिला कळायचं असतं की या बाईला पैसे दिले तर त्याचं नक्की काय होईल.

समजा तुम्ही असं लिहिलंत: "मी दोन मुलांची नव्हे, एका मुलीची आणि २०६ हाडांची जबाबदारी घेतली आहे. मुलीचा डबा भरताना मी ओट्यासमोर चिकटवलेल्या कागदावरून मनगटाची आठ हाडं पाठ करते. तिला आता त्यातली पाच येतात." या तीन वाक्यांत अभ्यास आहे, आई आहे, वेळेची ओढाताण आहे आणि थोडं हसूही आहे. कुठेही "मी खूप कष्टाळू आहे" असं म्हटलेलं नाही. हे वाक्य उचलू नका, तुमच्या ओट्यासमोर जे असेल ते लिहा.

पुढच्या परिच्छेदात खंड सरळ सांगा. २०१२ ते ग्रीन कार्ड येईपर्यंत व्हिसामुळे किती वर्षं काम करता येत नव्हतं, आणि त्या काळात काय केलं. एच-४ म्हणजे काय हे कमिटीतल्या निम्म्यांना ठाऊक नसतं. एका वाक्यात समजावलं तर तीच बारा वर्षं आळस न दिसता चिकाटी दिसते. मग नोकरी गेल्याचं दोन वाक्यांत, तारखेसकट. आणि शेवटी पैशाचा हिशोब. इथे बी.कॉम.नं चमकायला हवं! नर्सिंगला जाताना फी सोडून काय खर्च येतो ते ऑफिसात विचारून आकडे लिहा: टीईएएस प्रवेश परीक्षा, युनिफॉर्म, स्टेथोस्कोप, लसी आणि टायटर (लसीचा परिणाम रक्तात तपासणाऱ्या) चाचण्या, पार्श्वभूमी तपासणी, सीपीआर (बंद पडलेलं हृदय चालू करायच्या प्रथमोपचाराचं) कार्ड, क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, दिवशी मुलीला सांभाळायचा खर्च. "या स्कॉलरशिपमुळे माझं आयुष्य बदलेल" यापेक्षा "या १,००० डॉलरमधून हे चार खर्च निघतील" असं लिहिणारीला मी नेहमी जास्त गुण दिलेत, आणि माझ्या शेजारी बसणारा गणिताचा प्राध्यापकही देतो.

शिफारसपत्रांसाठी ज्यांच्या वर्गात "ए" मिळाला ते नकोत, जे तुम्हाला ओळखतात ते हवेत. ऑनलाइन वर्गात शिक्षकाला तुमचं फक्त नाव दिसतं, म्हणून आतापासून ऑफिस अवर्सला, म्हणजे शिक्षकांच्या भेटायच्या वेळेत, जायला लागा, शंका नसली तरी एखादी काढून. पत्र मागताना किमान तीन आठवडे आधी मागा आणि सोबत एक पान द्या: कोणती स्कॉलरशिप, शेवटची तारीख, त्यांच्या वर्गात तुम्ही काय केलं, पुढे काय करणार. "सरांना कसं विचारायचं" हा संकोच इथे सोडा. पत्र लिहिणं हा त्यांच्या कामाचाच भाग समजला जातो.

पैसे आल्यावरचं थोडक्यात. बाहेरच्या स्कॉलरशिपचा चेक बहुतेकदा कॉलेजच्या नावानं येतो. एकूण मदत कॉलेजनं ठरवलेल्या शिक्षणखर्चापेक्षा जास्त होऊ देत नाहीत, म्हणून मोठी रक्कम मिळाली की आधी ऑफिसला सांगा आणि दोन सेमिस्टरमध्ये विभागून घ्या. फी, पुस्तकं आणि अभ्यासाला सक्तीच्या वस्तूंवर गेलेल्या रकमेवर टॅक्स नाही, घरखर्चावर गेलेल्या भागावर लागतो. पावत्या ठेवा. आणि अर्ज करायलाच पैसे मागणारा, "तुमची निवड झाली आहे, प्रोसेसिंग फी भरा" म्हणणारा, फॅफ्सा भरून देतो म्हणून दोनशे डॉलर घेणारा, यांच्यापासून लांब राहा. फॅफ्सा फुकट आहे आणि आमच्यासारखी माणसं तो भरायला फुकट मदत करतात.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. पहिला खर्डा मराठीत लिहा. खरंच. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा इंग्रजी निबंध इतका कोरडा होता की मी त्यांना म्हटलं, हेच मला मराठीत सांगा. त्या वीस मिनिटं बोलल्या, मी टिपून घेतलं, आणि निबंध त्यात सापडला. मराठीत लिहिलेलं तुम्ही स्वतःच साध्या, छोट्या वाक्यांत इंग्रजीत आणा. व्याकरण थोडं चुकलं तरी चालतं, कमिटीत बरेच जण स्वतःच दुसऱ्या भाषेतून आलेले असतात. यंत्राकडून गुळगुळीत करून घेऊ नका, तसे निबंध हल्ली ढिगानं येतात आणि सगळे एकमेकांसारखे दिसतात. तो कच्चा इंग्रजी खर्डा घेऊन कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये जा. तिथे तुमच्याबरोबर बसून वाचणारी माणसं असतात, विद्यार्थ्यांना पैसे पडत नाहीत. फक्त स्कॉलरशिपची खिडकी बंद व्हायच्या आठवड्यात तिथे अपॉइंटमेंट मिळत नाही, तेव्हा महिनाभर आधीची घ्या.